वैनगंगेतली बेटे, कोक्याचे जंगल : पायी फिरणाऱ्यांनी आणि फोटो काढणाऱ्यांनी आधी काय पाहावे?

गोसीखुर्द धरणात पाणी अडल्यापासून वैनगंगेचे रूप पालटले आहे. आंभोऱ्याच्या संगमापासून खाली पवनीकडे नदी आता ऐसपैस पसरलेली असते. पाणी चढले की काठावरची टेकाडे चहूबाजूंनी वेढली जातात आणि उन्हाळ्यात जिथे गुरे चरत होती तिथे बेट तयार होते. २०२४ मध्ये आंभोऱ्याचा केबलवर तोललेला पूल सुरू झाला, तेव्हापासून कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन येणाऱ्यांची रीघ लागली आहे. पलीकडे कोका आहे, पिटेझरीच्या वाटेने नागझिरा आहे, पवनीच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. उष्ण कटिबंधातले पानझडी जंगल आणि पाणी असे हाकेच्या अंतरावर असताना पाय घरात ठरत नाहीत, हे साहजिकच आहे.

पण वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न पाहिले तर गोंधळ बराच दिसतो. बेटावर डोंग्याने जाता येते का? नागझिऱ्यात पायी फिरू देतात का? ड्रोन लहान असेल तर परवानगी लागते का? वनरक्षकाने फोटो पुसायला सांगितले तर ऐकायचे का? या प्रश्नांची उत्तरे एकाच चौकशीपासून सुरू होतात.

पाय ठेवायच्या आधी विचारा : ही जमीन कोणाची?

भंडारा जिल्ह्यात सकाळपासून दुपारपर्यंत चाललात तरी तीन-चार वेगवेगळ्या मालकांच्या जमिनीवरून जाता. फलक कुठे असतो, कुठे गंजून पडलेला असतो, कुठे नसतोच. फलक नाही म्हणून वाट मोकळी, असे धरून चालू नका.

* अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभा. कोका, नागझिरा, नवीन नागझिरा, नवेगाव अभयारण्य आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथे परवान्याशिवाय प्रवेश नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ ने प्रवेशावर बंधन घातले आहे. कलम २८ मध्ये पर्यटन, छायाचित्रण आणि अभ्यास यांसाठी परवाना देण्याची सोय आहे. तुमचे सफारीचे तिकीट हाच तो परवाना. त्यावर लिहिलेले प्रवेशद्वार, वेळ आणि रस्ता याबाहेर तो चालत नाही.
* बफर आणि प्रादेशिक वनविभागाचे जंगल. हे राखीव किंवा संरक्षित वन असते. गावकऱ्यांचे येणेजाणे असते म्हणून ते सर्वांना खुले आहे असे वाटते. राखीव वनात विनापरवाना शिरणे, आग लावणे हे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हे आहेत. त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी विचारा.
* सामूहिक वनहक्काचे जंगल. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना हक्क मिळाले, तिथे जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. सरपंच, वनहक्क समितीचे अध्यक्ष यांना भेटा. गावातला एखादा जाणता माणूस सोबत घेतलात तर परवानगी आणि वाटाड्या दोन्ही एकदम मिळतात. त्याची मजुरी आधी ठरवा आणि पूर्ण द्या.
* मामा तलाव आणि बोड्या. माजी मालगुजारी तलावांपैकी लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे जलसंपदा विभागाकडे असतात. मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. पाळीवरून चालायला सहसा कोणी हरकत घेत नाही. पाण्यात उतरायचे, जाळ्यांजवळ जायचे तर ठेकेदार संस्थेला विचारणे भाग आहे.
* धरण आणि बुडीत क्षेत्र. हे जलसंपदा विभागाचे. गोसीखुर्दची भिंत, ३३ दरवाजांचा भाग, वीजगृह या ठिकाणी फोटोबंदीचा फलक असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवा.

एक जागा मात्र चौकशीच्याही पलीकडची आहे. जवाहरनगरची आयुध निर्माणी आणि तिच्या कुंपणालगतचा परिसर. तिथे पक्षी कितीही चांगला दिसला तरी लेन्स वळवू नका, ड्रोन तर काढूच नका. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ तिथे लागू होतो आणि 'मी पक्ष्याचा फोटो काढत होतो' हे सांगून प्रकरण मिटत नाही.

पायी कुठे जाता येते?

गाभा क्षेत्रात पर्यटकाने पायी फिरायचे नाही, गाडीतून खाली उतरायचे नाही. नागझिऱ्याबद्दल हा प्रश्न सर्वाधिक येतो. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथे मुक्काम करून पायी हिंडत 'नागझिरा' लिहिले, मारुती चितमपल्ली तर वनाधिकारी म्हणून त्या रानात राहिले. ती पुस्तके वाचून अनेकांना तसेच चालावेसे वाटते. पण तो काळ व्याघ्र प्रकल्पाच्या आधीचा. आज तसे चालायला मिळणार नाही आणि कोणी पैसे घेऊन 'आतून नेतो' म्हणाला तर तो तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे.

चालायचे असेल तर जिल्ह्यात दुसऱ्या जागा आहेत:

* अंबागड (ता. तुमसर). गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या काळातला डोंगरी किल्ला. चढ फार नाही, पण उन्हाळ्यात दगड तापतात आणि वर पाण्याचा भरवसा नाही. पावसाळ्यानंतर गवत वाढलेले असते, तेव्हा काठी आपटत चला. पडझड झालेल्या तटावर चढून फोटो काढू नका. दगड सुटे आहेत.
* गायमुख आणि चांदपूर (ता. तुमसर). देवस्थाने असल्याने वाट मळलेली आहे, कुटुंबासह जाता येते. चांदपूरच्या टेकडीवरून जलाशय दिसतो. यात्रेचे दिवस सोडून जा.
* रावणवाडी जलाशय. भंडाऱ्याहून सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत येण्याजोगा. हिवाळ्यात पाणपक्ष्यांसाठी चांगला.
* आंभोरा. चैतन्येश्वराची टेकडी नागपूर जिल्ह्यात, पूल ओलांडला की भंडारा. पाच नद्यांचा संगम वरून पाहायचा तर टेकडी चढावीच. पूल वाहतुकीचा आहे. तिपाई रस्त्यात लावू नका.
* पवनी. किल्ल्याचा दरवाजा, घाट, देवळे आणि जगन्नाथ टेकडी. १९६९-७० च्या उत्खननात इथे बौद्ध स्तूप उजेडात आला. पाय न दमवता दिवसभर फोटो काढता येतील असे हे गाव आहे, आणि बेटांच्या नादात लोक ते ओलांडून पुढे जातात.

सुरुवात करणाऱ्यांनी अंबागड किंवा रावणवाडी निवडावे. पाण्यातली बेटे पहिल्याच फेरीत गाठायचा हट्ट नको.

बॅकवॉटर आणि बेटे : पाण्याचा अंदाज

इथे सविस्तर सांगतो, कारण जीव जाण्याचा धोका सगळ्यात जास्त इथेच आहे.

वैनगंगेचे पाणी केवळ भंडाऱ्यातल्या पावसावर अवलंबून नाही. नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. तिथले संजय सरोवर, गोंदियातले पुजारीटोला, बावनथडीवरचे राजीव सागर यांतून पाणी सोडले की इकडे ऊन पडलेले असतानाही नदी चढते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले, त्यात वरून आलेल्या विसर्गाचा मोठा हात होता. त्यामुळे आकाश पाहून निर्णय घेऊ नका, विसर्ग पाहून घ्या.

निघण्याआधी :

१. कारधा पुलाजवळची आजची पाणीपातळी पाहा. तिथली धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात ही पातळी रोज जाहीर करते.
२. गोसीखुर्दचे किती दरवाजे उघडे आहेत ते पाहा. दरवाजे उघडले की धरणाच्या खालची नदी चढते. बंद केले की वरचे बॅकवॉटर पसरते. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते आधी पक्के करा.
३. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर विचारा. पावसाळ्यात काही ठिकाणी जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतात. तो मोडला तर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो.

डोंग्याबद्दल. ढीवर बांधवांचा डोंगा मासे धरण्यासाठी असतो, पर्यटकांसाठी नाही. एक-दोन माणसे आणि जाळे एवढाच त्याचा भार. तळाशी पाणी साचत राहते आणि पायाशी ठेवलेल्या डब्याने ते उपसत जावे लागते. उभे राहून फोटो काढायला गेलात की तोल जातो. डोंगेकरी पोहतो, तुम्ही आणि तुमचा कॅमेरा पोहत नाही. म्हणून सरळ सांगतो : परवानाधारक बोट, प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट आणि किनाऱ्यावर वाट पाहणारा एक माणूस या तीन गोष्टी नसतील तर बेटावर जाऊ नका. डोंगेकरी ओळखीचा असला तरी नको. उलटला तर पोलिसांचे झेंगट त्याच्याच मागे लागते, याचाही विचार करा.

गाळाबद्दल. पाणी ओसरताना काठावर जो गाळ उरतो तो वरून वाळतो, तडे जातात, जमीन टणक दिसते. पायाखाली मात्र गुडघाभर लोणी असते. तडे रुंद आणि कडा वर उचललेल्या असतील तर गाळ बऱ्यापैकी सुकला आहे; तडे बारीक आणि मधला भाग गडद असेल तर पाय रुतणार. गुरांच्या खुरांच्या वाटेने चला, पुढे काठी टोचत चला. पाय रुतलाच तर उपसायला जोर लावू नका. मागे बसा, वजन पसरू द्या, मग एकेक पाय काढा.

रेतीघाटाबद्दल. पात्रातली रेती उपसून झालेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. घोटाभर पाण्यातून चालताना एकदम डोक्यावर पाणी येते. पात्रात पायी उतरायचेच नाही, हा नियम पाळा. रात्री-अपरात्री रेतीची वाहतूक दिसली तर जवळ जाऊन चित्रीकरण करू नका. तक्रार तहसीलदारांकडे करता येते.

बुडीत क्षेत्रातल्या पडक्या भिंती, अर्धे बुडालेले देऊळ, पाण्यात उभी वाळलेली झाडे फोटोत फार परिणामकारक दिसतात. ती कोणाची तरी घरे होती. त्या गावांतली माणसे आसपासच्या पुनर्वसन वसाहतींत राहतात आणि मोबदल्यासाठी, सोयींसाठी अनेकांचे भांडण अजून चालू आहे. फोटोखाली 'भुताचे गाव' असे काहीबाही लिहू नका. गावाचे नाव विचारा आणि तेच लिहा.

कोका, नागझिरा, पवनी : गाडीतून फोटो

आरक्षण वनविभागाच्या अधिकृत ऑनलाइन व्यवस्थेतूनच करा. ओळखपत्र तेच न्या जे आरक्षणात दिले. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते. आठवड्यातला सुट्टीचा वार प्रवेशद्वारानुसार तपासा. मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळे शुल्क असू शकते. प्रत्येक पैशाची पावती घ्या.

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगाव परिसरात सफारीच्या गाड्यांनी एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. चित्रफीत सर्वत्र फिरली, चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. कारवाई झाली ती गावातल्या गरीब पोरांवर. 'अजून पुढे घे' म्हणणारे पर्यटक घरी गेले. म्हणून मार्गदर्शकाला गाडी पुढे घ्यायला, रस्ता सोडायला, आवाज काढायला कधीही सांगू नका. जास्त बक्षिसीचे आमिष दाखवू नका.

त्यानंतर मोबाइलबाबत नियम कडक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरू देऊ नये, असे निर्देश दिले. मोबाइल हाच तुमचा कॅमेरा असेल तर सफारीपेक्षा अंबागड, पवनी, रावणवाडी इथे तुमचा दिवस अधिक कारणी लागेल.

वाघ दिसला नाही म्हणून रुसू नका. नागझिऱ्यात अस्वल, रानगवा, रानकुत्रे आहेत. कोक्याच्या साध्या पाणवठ्यावर चितळांचा कळप पाणी पितानाचा फोटो घाईत काढलेल्या वाघाच्या पाठीपेक्षा कितीतरी सरस असतो.

कधी जावे, कॅमेरा कसा लावावा

* डिसेंबर-जानेवारी : सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. पाण्यावर धुके असते. उजेडाच्या अर्धा तास आधी जागेवर पोचा. धुक्यात कॅमेरा चित्र काळपट करतो. एक्स्पोजर थोडे वर घ्या. मोबाइलवर पडदा दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की बोटाने उजेड वर करा.
* फेब्रुवारी-मार्च : पळस फुलतो, सागाची पाने गळतात, जंगल आरपार दिसते. निसर्गचित्रासाठी माझ्या मते हाच सर्वांत चांगला काळ.
* एप्रिल-मे : हवेत धूळ आणि जंगलातल्या आगींचा धूर. दुपारी काढलेली दूरची दृश्ये फिकट येतात. मे महिन्यात सूर्य साडेपाचला उगवतो. साडेआठनंतर कॅमेरा आवरा. तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात माणसांचा वावर असतो आणि वाघाच्या हल्ल्याच्या घटनाही याच दिवसांत घडतात. बफरमध्ये एकटे फिरू नका.
* जुलै-सप्टेंबर : धानाच्या बांध्यांत पाणी साचते, धुऱ्यांवरून चालता येते, आभाळाचे प्रतिबिंब मिळते. धुरा खचवू नका. शेतकऱ्याचे पाणी वाहून जाते.

पाण्याची चकाकी कमी करायची तर पोलरायझर फिल्टर लावा. दृश्य विस्तीर्ण असेल तर पुढ्यात काहीतरी ठेवा : एखादा खुंट, उलटा घातलेला डोंगा, चिखलातले खूर. नुसते पाणी आणि नुसते आकाश फोटोत पोकळ दिसते. एसी गाडीतून कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. दमट हवेत काच धुरकटते. पिशवीसकट दहा-पंधरा मिनिटे बाहेर राहू द्या. सिलिका जेलच्या पुड्या दर आठवड्याला बदला किंवा वाळवा.

कपडे मळकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. अत्तर नको. आग्यामोहोळ असलेल्या तटाखाली, कड्याखाली विडी-सिगारेट तर नाहीच नाही.

सारस आणि घरटी

महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया आणि थोडे भंडारा जिल्ह्यात. पावसाळ्यात ते धानाच्या शेतात किंवा तलावाच्या उथळ पाण्यात घरटे करतात. अंडी बहुधा दोनच. जोडी घरट्यावरून उठली की कावळे-घारींना अंडी मोकळी सापडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी अस्वस्थ करणेही येते, हे फार थोड्यांना माहीत असते. कलम ५१ खाली त्यासाठी कैद आणि दंडाची शिक्षा होऊ शकते.

पक्ष्याने मान वर करून तुमच्याकडे पाहिले की थांबा. चालायला लागला तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. घरट्याचा फोटो काढला तरी जागेचे नाव टाकू नका, मोबाइलमधली स्थाननोंद बंद ठेवा. ज्याच्या शेतात घरटे आहे त्या शेतकऱ्याचे आभार माना. तो त्या तुकड्यात नांगर न घालता नुकसान सोसत असतो.

माणसांचे फोटो

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचणाऱ्या बाया दिसतील. झाडाखालचा पालापाचोळा झाडलेला, टोपलीत फिकट पिवळी ओलसर फुले, कंबरेत वाकलेली बाई आणि मागे कोवळा उजेड. फोटो सुंदर येतो, म्हणूनच आधी बोला. 'काकू, एक फोटो काढू का?' एवढे पुरते. नाही म्हणाल्या तर टोपली, फुले, झाड यांचे काढा. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. पाठवतो म्हणालात तर फोटो खरेच पाठवा. छापून नेऊन दिलात तर पुढच्या वेळी ती माणसे तुमची वाट पाहतील. मोहाखाली अस्वलेही येतात, त्यामुळे त्या वेळी त्या बायांच्या पुढे जाऊ नका.

ड्रोन

ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' आणि दोन किलोपर्यंतचा 'मायक्रो'. नॅनोला आणि हौसेपुरत्या मायक्रोला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी क्रमांक लागतो. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. नकाशावर क्षेत्र हिरवे दिसले म्हणजे हवाई वाहतुकीच्या दृष्टीने हरकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाली अभयारण्य असेल तर वनविभागाची, धरण असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी लागतेच. पाणपक्ष्यांच्या थव्यावर ड्रोन नेऊ नका; बेटावरची अख्खी वसाहत उठते.

तुमचे हक्क

* पावती आणि नियम दाखवा म्हणण्याचा हक्क. शुल्क मागितले तर दरपत्रक पाहायला मागा. तोंडी नकार मिळाला तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर नाही आले तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे.
* जप्ती. गुन्ह्याचा संशय असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ५० खाली वनाधिकाऱ्यांना तपासणीचा आणि जप्तीचा अधिकार आहे. हुज्जत घालू नका, पण पंचनाम्याची आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा. फोटो घाईने पुसूही नका. तुम्ही नियमात होतात हे दाखवणारा पुरावा तोच असतो.
* फोटोची मालकी. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ प्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता आणि सहसा पहिला मालक. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढला तर, वेगळा करार नसल्यास, मालकी त्या सांगणाऱ्याची. हा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.
* स्पर्धा. प्रवेशपत्रावर 'सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असे वाक्य असेल तर बक्षीस न मिळालेला फोटोही हातचा जातो. ते वाक्य वाचल्याशिवाय सही करू नका.

अंदमानला निघाला असाल तर

दिवाळीच्या सुट्टीत आपल्याकडून बरीच कुटुंबे अंदमानला जातात. नियमांचा गाभा तोच, शिक्षा अधिक कडक.

जारवा आणि इतर आदिवासींच्या राखीव क्षेत्रात शिरणे, त्यांचे फोटो काढणे यावर बंदी आहे. अंदमान ट्रंक रोडवरून जाताना मोबाइल खाली ठेवा. उत्तर सेंटिनेल बेटाजवळ नेतो म्हणणाऱ्याकडे वळूनही पाहू नका. प्रवाळ, शंख-शिंपले उचलून आणू नका. सगळे प्रवाळ संरक्षित आहेत. चढायची हौस असेल तर दिगलीपूरजवळचे सॅडल पीक, ७३२ मीटर, अंदमानातले सर्वांत उंच शिखर. प्रवेशाची नोंद वनविभागाकडे होते. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, कारण घड्याळ आपलेच पण बेटे बरीच पूर्वेला. परतीचे गणित त्याप्रमाणे मांडा. खाडीच्या आणि खारफुटीच्या काठी मगरीचा फलक दिसला तर पाण्यापासून लांब राहा.

बिघडलेच तर

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. तो अवयव हलू न देता रुग्णाला १०८ च्या गाडीने साकोली किंवा तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात अथवा भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. अस्वल समोर आले तर पळू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका. जखमी प्राणी, वणवा, शिकारीचा संशय दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पोलिसांसाठी ११२.

जंगलाच्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. नकाशा आधी उतरवून घ्या आणि कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर तासाभरात फोन आला नाही तर ११२ ला कळवायचे, हे घरच्यांना सांगूनच बाहेर पडा.